तलवार, पिंडी आणि दप्तर

एखाद्या थोर स्त्रीची स्मृति समाज कोणत्या रूपानें जतन करतो, हें पाहिलें असतां त्या स्त्रीपेक्षां त्या समाजाविषयींच अधिक बोध होतो. पुरुष इतिहासांत येतो तो आपल्या सर्व व्यवहारासह येतो. त्याच्या मोहिमा, त्याचे तह, त्याचीं पत्रें, त्याच्या चुका या सर्वांची छाननी होते, आणि तींतूनच त्याची थोरवी किंवा अल्पता ठरते. स्त्री मात्र बहुधा एका चित्राच्या रूपानें येते. तें चित्र सुंदर असतें, वंदनीय असतें. आणि म्हणूनच त्याच्या मागें काय आहे हें पाहण्याची इच्छा सहसा कोणास होत नाहीं. नगर जिल्ह्याच्या भूमीशीं ज्यांचें नांव निगडित आहे अशा दोन राज्यकर्त्या स्त्रियांच्या बाबतींत हें कसें घडलें, आणि त्यांत इतिहासकार व कादंबरीकार यांचा वांटा किती, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

या दोघींपैकीं एक चांदबिबी. निजामशाहीची कन्या आणि नगरचा किल्ला लढविणारी. दुसऱ्या अहिल्याबाई होळकर. त्यांचा जन्म १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें झाला. त्यास २०२५ सालीं तीनशें वर्षें पुरीं झालीं. आणि त्याच्या आदल्या वर्षीं या जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें तें त्यांच्यावरूनच. पहिलीचें चित्र आपणां सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे : बुरखा घेतलेली, हातीं नागवी तलवार धरून तटाच्या खिंडारांत उभी राहिलेली राणी. दुसरीचें चित्रहि असेंच ठरीव आहे : पांढरें लुगडें, डोक्यावर पदर आणि तळहातावर शिवाची पिंडी. एकीस आपण युद्ध दिलें, दुसरीस धर्म दिला. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हीं दोन्ही चित्रें खोटीं नसलीं तरी अपुरीं आहेत, आणि त्यांचा अपुरेपणा एकाच जातीचा आहे. पहिलीच्या हातांतील लेखणी आपण काढून घेतली; दुसरीच्या हुकमतींतील तोफखाना आपण दृष्टीआड केला. युद्धकाळांत स्वतः निर्णय करण्याची शक्ति ही जी दोघींच्या ठायीं समान गोष्ट होती, तीच दोन्ही चित्रांतून निसटली आहे.

चांदबिबीच्या कथेचा मुख्य आधार म्हणजे महंमद कासीम फेरिस्ता याचा इतिहास. फेरिस्ता हा तिचा समकालीन. पूर्ववयांत तो नगरास मूर्तजा निजामशहाच्या पदरीं होता. पुढें १५८९ सालीं तो विजापुरास गेला, आणि तेथें इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयानें त्यानें आपला ग्रंथ सिद्ध केला. आपल्या सुशिक्षित वाचकांस त्याचा परिचय बहुधा १८२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या जॉन ब्रिग्जच्या इंग्रजी भाषांतरावरून झालेला असतो. त्यानें सांगितलेली हकीकत थोडक्यांत अशी : १५९५ सालीं बुऱ्हाण निजामशहा वारला आणि कांहीं महिन्यांतच त्याचा मुलगा इब्राहीम लढाईंत पडला. एकाच गादीसाठीं चार पक्ष चार वारस घेऊन उभे राहिले. त्यांपैकीं मियां मंजू यानें आपली बाजू सांवरण्याकरितां अकबराचा मुलगा मुराद यास गुजराथेंतून बोलाविलें. आणि मोगल फौज नगरावर येऊन ठेपली तेव्हां पस्तावून तो स्वतः दूर निघून गेला. किल्ल्याचा भार आला तो चांदबिबीवर. मोगलांनीं तटाखालीं पांच सुरुंग खणले. दोन आंतल्या लोकांनीं शोधून निकामी केले. तिसऱ्यावर काम चाललें असतांच तो उडाला आणि सुमारें पन्नास यार्ड तट कोसळला. त्या खिंडारांत ती तलवार उपसून उभी राहिली, हल्ले परतविले, आणि रातोरात तट पुन्हां उभा करविला. हें सर्व फेरिस्ता अशा आवेशानें सांगतो कीं, वाचकाच्या मनावर तो दिवस कायमचा उमटतो. पुढें तह झाला हेंहि तो सांगतो. पण तें जातां जातां.

फेरिस्त्यानें जें जातां जातां सांगितलें तें नंतरच्या लेखकांनीं बहुतेक वगळलेंच. कर्नल मेडोज टेलर हा इंग्रज असला तरी दक्षिणेंत आयुष्य घालविलेला, येथील माणसांवर मनापासून प्रेम करणारा लेखक. त्याच्या मृत्यूनंतर १८७८ सालीं प्रसिद्ध झालेली त्याची 'ए नोबल क्वीन' ही तीन खंडांची कादंबरी चांदबिबीवर आहे. तींतील दक्षिणेचें वर्णन आजहि वाचनीय आहे. परंतु अब्बासखान आणि झोरा यांची प्रीतिकथा तींत इतकी जागा व्यापते कीं, राणी ही शीर्षकांत अग्रभागीं आणि कथानकांत पुष्कळदां पार्श्वभूमीस, अशी स्थिति होते. टेलरला तिच्याविषयीं अपार आदर आहे. तिच्या राजकारणाविषयीं कुतूहल मात्र त्या मानानें थोडें आहे. त्याहून विचार करण्याजोगें उदाहरण पंडित जवाहरलाल नेहरूंचें. १९४२ च्या ऑगस्टपासून ते याच किल्ल्यांत बंदींत होते, आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १९४४ सालीं येथेंच लिहिला गेला. ग्रंथाच्या आरंभींच त्यांना चांदबिबीची आठवण होते. पण ती होते कशी? तलवार हातीं घेऊन ती अकबराच्या फौजांशीं लढली आणि तिच्याच माणसाकडून मारली गेली, एवढ्यापुरती. इतिहासाच्या घडामोडींमागील कारणें शोधावयास बसलेल्या या थोर लेखकानेंहि, ज्या भिंतींच्या आंत तिनें आपला सर्वांत कठीण निर्णय घेतला त्याच भिंतींच्या आंत बसून, तो निर्णय काय होता हें सांगितलें नाहीं.

तो निर्णय समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. चांदबिबी हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाशीं तिचा विवाह झाला तो तालिकोटच्या लढाईपूर्वीं दोन शाह्यांची मैत्री जुळावी म्हणून. म्हणजे राजकारणांत तिचा प्रवेश झाला तोच तहाचें एक कलम म्हणून. १५८० सालीं अली मारला गेला, आणि नऊ वर्षांच्या इब्राहीमच्या नांवानें चालणाऱ्या कारभाराचा भार तिच्यावर पडला. त्या कारभारांत तिनें काय पाहिलें नाहीं? एकामागून एक सरदार सत्ता बळकावीत होते. त्यांपैकीं किश्वरखानानें तर तिला साताऱ्याच्या किल्ल्यांत कैद करून ठेवलें. हबशी सरदारांनीं सोडवून आणलें तों विजापुराभोंवतीं शत्रूच्या फौजा. पुढें दिलावरखानाच्या हातीं सर्व सत्ता गेल्यावर ती माहेरीं परतली. तेव्हां १५९५ सालीं नगरच्या तटावर जी उभी राहिली ती प्रसंगवशात् धाडस करणारी अबला नव्हती; पंधरा वर्षांपूर्वींच वेढा, कैद आणि दरबारी फितुरी यांच्या शाळेंतून बाहेर पडलेली राजकारणी स्त्री होती.

आतां १५९६ च्या तहाकडे पहा. वऱ्हाड मोगलांस द्यावें, आणि बाकीचें राज्य बाल बहादुरशहाकडे राहावें, असें ठरलें. खिंडारांतील शौर्यानंतर हा तह अनेकांस फिका वाटतो. पण वऱ्हाड निजामशाहीनें जिंकलें होतें तें १५७४ सालीं, म्हणजे अवघ्या वीस-बावीस वर्षांपूर्वीं. शंभर वर्षांचें मूळ राज्य राखण्यासाठीं तिनें नव्यानें मिळविलेला प्रांत सोडला. किल्ल्यांत धान्याची टंचाई आहे हें तिला ठाऊक होतें. पण बाहेरच्या छावणींतहि तीच टंचाई आहे, मुराद व खानखानान यांचें पटत नाहीं, आणि विजापूरची फौज सुहेलखानाच्या हाताखालीं जवळ येत आहे, हेंहि तिला ठाऊक होतें. दोन्ही बाजूंचें बळ मापून, आपल्या तलवारीची किंमत सर्वांत चढती असतांना तिनें ती तहाच्या पारड्यांत टाकली. तट राखल्यामुळें तिला तहास बसतां आलें, आणि तह केल्यामुळें तट राखल्याचें सार्थक झालें. या दोन गोष्टी वेगळ्या काढतां येत नाहींत. साहित्यानें मात्र त्या वेगळ्या काढल्या.

१६०० सालीं प्रसंग पुन्हां आला. या वेळीं दानियाल व खानखानान यांनीं वेढा घातला. खुद्द अकबर बुऱ्हाणपुरापर्यंत आला होता. आणि ज्या अहंगखानानें मार्ग अडवावयाचा तो जुन्नराकडे निघून गेला होता. चांदबिबीनें हमीदखान या अधिकाऱ्यापाशीं आपला विचार बोलून दाखविला. सरदारांचा भरवसा उरलेला नाहीं. तेव्हां आंतल्या लोकांच्या जीविताची व मालमत्तेची हमी घेऊन किल्ला द्यावा, लहान राजास जुन्नरास न्यावें, आणि पुढील काळाची वाट पाहावी, असा तो विचार होता. हमीदखान रस्त्यांत ओरडत सुटला कीं, राणी किल्ला मोगलांस विकते आहे. जमाव महालांत शिरला आणि त्यानें तिला ठार केलें. पुढें थोड्याच दिवसांत सुरुंग उडाले, किल्ला पडला, आंतल्या लोकांची कत्तल झाली, आणि बहादुरशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या बंदिखान्यांत झाली. तिचा विचार बरोबर होता कीं नाहीं, याचें उत्तर त्या कत्तलीनें दिलें.

आमच्या मतें या कथेचा मर्मबिंदु येथें आहे, खिंडारांत नाहीं. स्त्रीनें तलवार धरलेली त्या जमावास मान्य होती. तिनें तलवार केव्हां खालीं ठेवावी हें ठरवावें, हें मान्य नव्हतें. पुरुष सेनापतीनें किल्ला शर्तीनें दिला तर तें राजकारण. राणीनें तसा विचार नुसता बोलून दाखविला तर तो द्रोह. जमावानें तिचा निर्णय द्रोह मानून तिला मारलें. त्यानंतरच्या लेखकांनीं तिची वाखाणणी केली, पण तो निर्णय विसरून. भाव निराळा असला तरी परिणाम एकच. नगरच्या पूर्वेस डोंगरावर जी भव्य वास्तु लोक 'चांदबिबीचा महाल' म्हणून दाखवितात, ती वस्तुतः मूर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. ज्या राणीच्या खऱ्या कर्तृत्वाची आपण नोंद ठेवली नाहीं, तिच्या नांवें आपण दुसऱ्याची इमारत करून टाकली. प्रेमानें केलेली ही चूक आमच्या विवेचनास फारच समर्पक आहे.

चांदबिबीच्या आईची गोष्ट याहून उघड आहे. खुंजा हुमायून ही हुसेन निजामशहाची बेगम. १५६५ सालीं तो वारल्यावर मुलगा मूर्तजा याच्या नांवानें तिनें कांहीं वर्षें राज्यकारभार चालविला. पुढें मुलानेंच तिला कैद करून सत्ता हातीं घेतली. हुसेनशहाच्या स्तुतिपर आफताबी या कवीनें लिहिलेल्या काव्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. तिच्या चित्रांत राजाशेजारीं राणीहि बसलेली होती. होती म्हणावयाचें कारण असें कीं, बहुतेक चित्रांतून तिची आकृति मागाहून पुसलेली किंवा रंगाखालीं झांकलेली आहे. सत्तेवरून ती गेल्यानंतर हें झालें असावें, असें अभ्यासक मानतात. राजा बसला आहे, आणि त्याच्या शेजारीं एक डाग आहे. आईच्या बाबतींत पुसण्याचें काम कुंचल्यानें झालें. मुलीच्या बाबतींत तें स्तुतीनें झालें.

अहिल्याबाईंच्या बाबतींत हीच क्रिया उलट दिशेनें झाली. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पति खंडेराव पडले; १७६६ सालीं सासरे मल्हारराव गेले; १७६७ सालीं मुलगा मालेराव गेला. या शोकपरंपरेंतून जी मूर्ति आपण घडविली ती विरक्त, दानशूर साध्वीची. घाट, धर्मशाळा, अन्नछत्रें, काशीचें विश्वेश्वराचें मंदिर हीं सर्व खरींच आहेत, आणि त्यांबद्दल देशानें कृतज्ञ राहावें हें योग्यच. परंतु १७६५ सालीं मल्हाररावांनीं आपल्या या सुनेस लिहिलेलें एक पत्र उपलब्ध आहे, तें प्रत्येक मराठी घरांत माहीत असावयास हवें. त्याचा आशय असा : चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीस जावें, तेथें चार-पांच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना तेथें ठेवून त्याच्या दारूगोळ्याची होईल तितकी तजवीज करावी, महिनाभराच्या खर्चाची बेगमी करून मग पुढें कूच करावें, आणि वाटेच्या रक्षणासाठीं चौक्या बसवाव्या. या पत्रांत आश्चर्य नाहीं, कौतुक नाहीं, 'स्त्री असूनहि' असा सूर नाहीं. एका अनुभवी सेनानीनें आपल्या भरवशाच्या अधिकाऱ्यास धाडावें तसें तें पत्र आहे. पतीच्या निधनानंतर ज्या सुनेस सती जाण्यापासून मल्हाररावांनीं परावृत्त केलें, तिच्यावर त्यांनीं अकरा वर्षांनीं तोफखाना सोंपविला. मधल्या अकरा वर्षांत काय शिक्षण झालें असेल, याची कल्पना त्या एका पत्रावरून यावी.

पुढें अठ्ठावीस वर्षें त्यांनीं राज्य केलें. फौजेबरोबर तुकोजी होळकर, आणि महेश्वरास खजिना, वसुली व पत्रव्यवहार यांवर अहिल्याबाई, अशी वांटणी होती. आपण समजतों कीं, लढाई तुकोजी करीत होते आणि बाई पूजा करीत होत्या. पण फौज चालते ती पैशावर. आणि पैसा केव्हां, किती व कोणत्या हिशेबावर पाठवावयाचा हें ठरविणारी व्यक्ति महेश्वरास बसली होती. रामपुऱ्याच्या चंद्रावत रजपुतांनीं बंड केलें तें त्यांच्याच सैन्यानें मोडलें. फार काय, त्यांचा दानधर्म चालला तोहि मुख्यतः खासगीच्या, म्हणजे दौलतीपासून वेगळ्या ठेवलेल्या, उत्पन्नांतून. हा भेद पाळण्यास भक्तीइतकीच हिशेबाची शिस्त लागते. ज्या पिंडीच्या चित्रानें दप्तर झांकलें गेलें, ती पिंडी त्या दप्तराच्याच आधारावर उभी आहे. सर जॉन माल्कम यानें १८२३ सालीं मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथांत त्यांच्या कारभाराचें जें वर्णन केलें आहे, तें त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांकडून मिळविलेल्या माहितीवर आधारलेलें आहे. त्यांत पूजेबरोबर रोजचा दरबारहि आहे, साऱ्याची मर्यादाहि आहे. पण लोकांनीं निवडून ठेवलें तें दुसरेंच. आमच्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी यांना बाईंनीं तमाशा सोडून कीर्तनाकडे वळविलें, ही कथा आजहि आवडीनें सांगितली जाते. ग्वाल्हेरचा तोफखाना कोणी सांगत नाहीं.

हा दोष केवळ आपलाच आहे असें कोणी समजूं नये. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें असलेल्या या नगरास अमेरिकेचें नांव परकें नाहीं. तेव्हां तेथलेंच उदाहरण घेऊं. त्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धांत १७७८ सालीं मॉन्मथच्या लढाईंत नवऱ्याच्या जागीं उभी राहून तोफ चालविणारी 'मॉली पिचर' ही तेथल्या मुलांच्या पुस्तकांतील आवडती नायिका. ज्या मेरी हेज हिच्याशीं ही दंतकथा बहुधा जोडतात, तिला पेन्सिल्व्हेनियानें वर्षास चाळीस डॉलर्सची नेमणूक दिली ती १८२२ सालीं, युद्ध संपून एक पिढी उलटल्यावर. उलट ॲबिगेल ॲडम्स हिनें नवरा राज्यकारणांत गुंतला असतां वर्षानुवर्षें शेती, देणीं-घेणीं आणि मुलांचें शिक्षण एकटीनें सांभाळलें. तें काम चित्रांत बसण्याजोगें नव्हतें. दुसऱ्या महायुद्धाची गोष्टहि तशीच. बाही सरसावून दंड दाखविणारी कामगार स्त्री १९४३ सालच्या एका भित्तिचित्रांत आहे, आणि आज ती युद्धकालीन स्त्रीशक्तीचें प्रतीक म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. पण तें चित्र त्या काळीं वेस्टिंगहाऊस कंपनीच्या कारखान्यांत थोडे दिवस लावण्यापुरतेंच होतें. त्याची कीर्ति झाली ती १९८० नंतर. ज्या लक्षावधि स्त्रियांनीं विमानें व जहाजें बांधलीं, त्यांपैकीं अनेकींना शांतता होतांच कामावरून निरोप मिळाला. बाई घरीं गेली. चित्र भिंतीवर राहिलें. युद्ध स्त्रीस जागा देतें तें गरज म्हणून; गरज सरली कीं जागा परत घेतली जाते, आणि मोबदल्यादाखल एक चित्र दिलें जातें.

यावर कोणी म्हणेल कीं, लोकस्मृतीस चित्रेंच पेलतात. तिच्याकडून दप्तराची अपेक्षा करणें हा विद्वानांचा हट्ट आहे. हें म्हणणें अर्धें खरें आहे. शिवछत्रपतींचेंहि लोकांच्या मनांत एक चित्र आहेच. पण त्या चित्राच्या मागें पुरंदरचा तह आहे. वेळ पाहून तेवीस किल्ले देणारा मुत्सद्दी आहे. आणि तो तह त्यांच्या थोरवीस उणेपणा आणतो असें कोणीहि मराठी मनुष्य म्हणत नाहीं. उलट, त्या तहांतच त्यांची दूरदृष्टि आपण मुलांस दाखवितों. तोच न्याय वऱ्हाड देणाऱ्या चांदबिबीस कां नको? लोकस्मृति एक वेळ सोडून द्या. पण नाटककार, कादंबरीकार आणि इतिहासाचे लेखक यांना ही सबब पुढें करतां येणार नाहीं.

प्रश्न केवळ दोन मृत राण्यांच्या न्यायाचा नाहीं. आपल्या घरांतील मुलींसमोर आपण जे आदर्श ठेवतों त्यांतून दोनच वाटा सूचित होतात : संकट आलें तर मर, नाहीं तर संकटानंतर देवाकडे वळ. या दोहोंच्या मधलें, रोजचें, कठीण काम त्या आदर्शांत दिसतच नाहीं. माणसें ओळखणें, धान्य मोजणें, हिशेब मागणें, तहाची वेळ साधणें, आणि लोकांस न रुचणारा निर्णय घेऊन त्याची जबाबदारी पत्करणें, हेंच तें काम. दोघींनीं आयुष्यभर केलें तें हेंच.

म्हणून पुढें कोणी मराठी नाटककार चांदबिबीवर लिहावयास बसला, तर त्यानें खिंडाराचा प्रसंग खुशाल दुसऱ्या अंकांत आटोपावा. शेवटचा अंक त्यानें महालांतील त्या एका खोलींत ठेवावा, जेथें किल्ल्यांतील धान्य, दारू आणि माणसें यांचा हिशेब समोर घेऊन एक स्त्री हमीदखानास सांगते आहे कीं, आतां लढण्यापेक्षां वांचविणें अधिक आहे. तिचें बोलणें प्रेक्षकांनीं पुरतें ऐकावें, मग बाहेरचा ओरडा सुरू व्हावा.